पंचा कुणाच्या कमरेला

शिरूरला आमच्या मंडळीत रविवारी उपासनेच्या आधी पाऊण तास मुलांची शाळा भरते. लहानांचा वर्ग पुढच्या व्हरांड्यात आणि मोठ्यांचा मागच्या खोलीत, जिथे जास्तीच्या खुर्च्या, जुनी पेटी आणि नाताळचा कागदी तारा ठेवलेला असतो. बारा ते पंधरा वर्षांच्या मुला-मुलींचा हा मोठा वर्ग चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. आठवडाभर मी खराडीतल्या एका कंपनीसाठी कोड लिहितो आणि रविवारी ही पंधरा-सोळा पोरं. दोन्हींत जास्त दमायला कशाने होतं हे सांगायला नको.

मुलांचे आईवडील अधूनमधून कोपऱ्यात गाठून सांगतात, "आमचा फार स्वार्थी झालाय हो. जरा वचनातून समजवा." मग पुरावे येतात. धाकट्याला मोबाईल देत नाही. मटणाच्या रश्श्यातल्या फोडी आधी स्वतःच्या ताटात ओढतो. पाहुणे आले तरी पलंगावरून हलत नाही. एका वडिलांनी सांगितलं, की त्यांच्या मुलाने बहिणीला हॉटस्पॉट दिला तो दहा रुपये घेऊन. (मला यात स्वार्थाइतकीच धंद्याची हुशारी दिसली, पण तसं बोललो नाही.)

मला या तक्रारीत एक गंमत वाटते. सोमवार ते शनिवार याच मुलांना घरात सांगितलं जातं, की तू तुझं बघ, वही कुणाला देऊ नको, क्लासमधल्या नोट्स कुणाला पाठवू नको, पुढच्या बाकावर बस, स्कॉलरशिप तुलाच मिळाली पाहिजे. रविवारी मात्र त्यांनी सगळं वाटून टाकावं अशी अपेक्षा. मुलं बावळट नसतात, त्यांना यातलं खरं कोणतं ते कळतं.

या विषयावर शुभवर्तमानात मुलांना सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे जब्दीच्या दोन मुलांची गोष्ट. मार्काच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान येशूकडे येऊन सरळ जागा मागतात, तुझ्या राज्यात एक उजवीकडे, एक डावीकडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर त्यांची आईच शिफारस घेऊन येते. हे वाचताना वर्गात हमखास हशा पिकतो, कारण अशा आया सगळ्यांच्या ओळखीच्या असतात. पुढचं वाक्य मी दोनदा वाचायला लावतो: बाकीचे दहा शिष्य हे ऐकून चिडले. का चिडले, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, "चुकीचं मागितलं म्हणून." जरा थांबलं की मागून कुणीतरी खरं बोलतं, "कारण यांनी आधी नंबर लावला." मग येशू त्यांना सांगतो, की बाहेरच्या जगात मोठी माणसं हुकूम सोडतात, तुमच्यात तसं नको, ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा दास व्हावं.

'दास' हा शब्द आला की वर्गातला हशा ओसरतो. दोन वर्षांपूर्वी योहानाच्या तेराव्या अध्यायावर आलो, जिथे जेवणाच्या वेळी येशू उठतो, कमरेला पंचा बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा एका मुलीने हात वर न करताच विचारलं, "दादा, मग आज घरी भांडी माझ्या भावाने घासायची का?"

भाऊ तिथेच, दोन खुर्च्या सोडून बसला होता. सगळे हसले. ती हसत नव्हती. तेरा वर्षांची मुलगी. रविवारी वर्गाला येण्याआधी तिने पाणी भरलेलं असतं, धाकट्याची अंघोळ उरकलेली असते, बऱ्याचदा पोळ्याही लाटलेल्या असतात. तिच्यासमोर उभं राहून मी 'आपण स्वार्थ सोडून दुसऱ्यांची सेवा करायला शिकलं पाहिजे' असं म्हणालो, तर ते नेमकं कुणाला म्हणतोय? स्वार्थ करायला तिला वेळ कधी मिळतो?

दुसरा प्रश्न घरातून आला. माझे आजोबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, तालुक्यातल्याच एका गावात जन्मले. त्यांच्या वडिलांचा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनच्या एका पाद्र्याच्या हातून झाला. हे मिशन १८३१ सालापासून नगरला होतं आणि एकोणिसाव्या शतकातच शिरूरलाही त्याचं ठाणं झालं. बाप्तिस्मा झाला म्हणून महारकी सुटली असं मात्र झालं नाही. वतन होतं, म्हणून कामं होती. चावडीवर हजर राहायचं, रात्री-बेरात्री निरोप घेऊन दुसऱ्या गावी पळायचं, साहेब आला की त्याचं सामान वाहायचं, मेलेलं जनावर ओढायचं. बदल्यात बलुतं आणि वतनाच्या जमिनीचा तुकडा. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाच्या पद्धतीविरुद्ध मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं ते १९२८ साली. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. म्हणजे आजोबा वीस वर्षांचे होईपर्यंत हे चालू होतं.

वर्गात सेवेवर धडा घेतोय असं मी जेवताना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सेवा म्हंजे कोणची रे? आमच्या बापानं केली ती?"

मी त्यांना योहानाचा तेरावा अध्याय वाचून दाखवला. तो त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, तरी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण गुरूनं चेल्याचे धुतले. चेल्यानं गुरूचे धुतले आसते तर त्यात लिहून ठिवण्यासारखं काय होतं?"

आमच्याकडे पाय धुण्याची दिशा ठरलेली असते. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. नवी सून सासूसासऱ्यांचे धुते. दारात आलेल्या मोठ्या माणसाला घरातली बाई तांब्या भरून देते. पाणी नेहमी खालच्या माणसाच्या हातात आणि पाय वरच्याचे. येशूच्या काळच्या पॅलेस्टाइनमध्ये वेगळं नव्हतं, धुळीतून चालून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे घरातल्या दासाचं काम. म्हणून तर पेत्र गडबडतो, माझे पाय तुम्ही धुणार नाही म्हणतो. त्याला ते ओशाळवाणं वाटतं. गोष्टीतला पंचा उलट बाजूच्या कमरेला आहे, आणि हे सांगितल्याशिवाय ती मुलांना सांगितली तर ती गोष्ट राहतच नाही. जो आधीच वाकलेला आहे त्याला आणखी वाक म्हणणं, एवढंच उरतं.

२०१३ साली पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर पंधरवड्यातच पवित्र गुरुवार आला. त्या दिवशी पोपने बारा जणांचे पाय धुण्याची जुनी प्रथा आहे. फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. नियमाप्रमाणे तोवर या विधीत फक्त पुरुष बसत. तो नियम २०१६ साली बदलला. आमची मंडळी कॅथलिक नाही आणि आमच्यातल्या काही ज्येष्ठांना पोपचं उदाहरण दिलेलं फारसं रुचत नाही, पण मी वर्गात तो फोटो दाखवला. वर्गातल्या मुलांच्याच वयाची पोरं खुर्चीत बसलेली आणि शहात्तर वर्षांचा म्हातारा गुडघ्यावर.

असो. हे सगळं समजलं तरी प्रश्न उरतोच, की बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे शिकवायचं कसं. कारण आईवडिलांची तक्रार अगदीच खोटी नसते. वर्ग सुटल्यावर बिस्किटांचा पुडा फुटला, की मोठी पोरं चार-चार उचलतात आणि व्हरांड्यातल्या लहानांपर्यंत चुरा पोचतो.

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, शेजारच्या तालुक्यात सापडलं. शिरूरहून न्हावऱ्याला आलं आणि पारगावला भीमा ओलांडली की पुढे केडगाव. दौंड तालुक्यातलं हे गाव आज कांद्याच्या बाजारासाठी आणि आसपासच्या गुऱ्हाळांसाठी माहीत आहे. तिथेच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आमच्या भागातल्या ख्रिस्ती मुलांना रमाबाईंचं नाव माहीत असतं, म्हणजे नाताळच्या स्पर्धेत प्रश्न येतो तेवढं. मी वर्गाला तिथे घेऊन गेलो त्याआधी तीन रविवार फक्त त्यांची गोष्ट सांगितली.

तीही भुकेपासून सुरू केली. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून वाळीत पडल्यासारखं जगलेले. तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायची आणि दक्षिणेवर पोट भरायचं, असा संसार. १८७० नंतरच्या दुष्काळात तोही मोडला. जंगलात झाडाची पानं आणि पाणी यांवर दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई. मरणाच्या दारात असलेल्या आईने भाकरी मागितली म्हणून सोळा वर्षांची रमा शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडातून शब्दच फुटेना, इतकी मागायची लाज. तुकडा मिळाला, पण आईला तो खाता आला नाही. पुढे थोरली बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

दुसऱ्या रविवारी इंग्लंड. १८८३ साली रमाबाई वाँटेजच्या सिस्टर्सच्या मठात राहत होत्या. सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला पाठवलं. तिथे समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी घर चालवलेलं होतं. चांगल्या घरच्या बायका या टाकलेल्यांची उठाठेव का करतात, हे त्यांना कळेना. विचारल्यावर एका सिस्टरने विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, की आपल्या मनात ख्रिस्ताविषयी ओढ निर्माण झाली ती तिथे. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी काम पाहिलं, मग त्यामागचं कारण विचारलं. आपण मुलांना बरोब्बर उलट क्रमाने शिकवतो.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली. याच रमाबाईंचं त्याच सिस्टर्सशी पुढे अनेक वर्षं पत्रांतून भांडण चाललं. काय मानायचं आणि काय नाही हे माझी सदसद्विवेकबुद्धी ठरवेल, कुणी सांगितलं म्हणून मी मान तुकवणार नाही, हा त्यांचा हेका. १८९७ साली पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात त्यांच्या एका मुलीची आबाळ झाली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सेवा करणारं माणूस गरीब गाय असतं, असा मुलांचा समज असतो. तो मोडायला हे दोन प्रसंग पुरे झाले.

आणि मग केडगाव. शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. आपण भुकेने काय काय सोसलं ते त्या विसरल्या नव्हत्या. पुण्यात प्लेग असल्याने एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकारी तयार नव्हते. केडगावला रमाबाईंनी फळबागेसाठी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती, तिथे या मुलींना हलवलं. सुरुवातीला राहायला धड छप्परही नव्हतं. १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे मी मुलांना थांबवून विचारलं. दुष्काळातून आलेल्या, हातातलं हिसकावून घेतलं म्हणूनच जिवंत राहिलेल्या शेकडो मुली एका ठिकाणी. जेवणाची घंटा झाल्यावर काय होत असेल? एका पोराने हळूच बिस्किटाच्या पुड्याकडे बघितलं. भूक पाहिलेल्या पोराने पहिल्यांदा आपलं ताट भरलं तर त्याला स्वार्थी म्हणायचं का, यावर आमची बरीच चर्चा झाली. निष्पन्न काही झालं नाही, पण चर्चा चांगली झाली.

रमाबाईंकडे एवढ्या मुलींना पुरतील इतकी पगारी माणसं नव्हती. शारदा सदनात आधी शिकलेल्या मुली आणि विधवा या नव्या मुलींना सांभाळायला, शिकवायला उभ्या राहिल्या. मोठ्या मुलींकडे लहानग्या सोपवल्या जात. त्यांना न्हाऊ घालायचं, खायला घालायचं, अक्षरं गिरवून घ्यायची. काल जिला कुणीतरी उचलून आणलं, ती आज दुसरीला उचलत होती. बरोबरीने हातात कसब येत होतं. विणकाम, शिवण, शेती, तेलाचा घाणा, छापखाना. अंध बायका ब्रेल शिकत होत्या, टोपल्या विणत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल याच छापखान्यात मुक्तीच्या बायकांनी छापलं. ते १९२४ साली निघालं. रमाबाई तेव्हा नव्हत्या, त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. वेठीत माणूस दुसऱ्याचं ओझं वाहतो आणि जिथल्या तिथे राहतो. मुक्तीतली बाई दुसरीला सांभाळत होती आणि त्याचवेळी स्वतः वाचायला, खिळे जुळवायला, हिशेब ठेवायला शिकत होती. तिला तिथे कुणी वाकवलेलं नव्हतं.

आम्ही गेलो त्या दिवशी मुलांनी काय पाहिलं? झाडं, जुन्या दगडी इमारती, प्रचंड मोठं चर्च. आजही तिथे वेगवेगळ्या वयांच्या मुली एका घरात, एका आईच्या हाताखाली कुटुंबासारख्या राहतात. मुलांना ते बघायला न्यायचं म्हणजे एक धोका असतो, की आपली पोरं पाहुण्यांसारखी खाऊ वाटतील, फोटो काढतील आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या स्टेटसला लागेल. म्हणून मोबाईल गाडीतच ठेवायचे असं आधीच ठरलं होतं. खाऊही नेला नाही. यावर एका आईने नाराजी कळवली, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. तिचं म्हणणं आपल्या रीतीप्रमाणे बरोबर होतं, पण त्या दिवशी आम्ही द्यायला गेलो नव्हतो.

परत आल्यावर पुढच्या रविवारपासून मोठ्या वर्गातल्या एकेकाच्या नावावर व्हरांड्यातलं एकेक लहान मूल लावलं. माझ्या नोकरीत एक गोष्ट रोज दिसते. एखादी अडचण 'सगळ्या टीमच्या' नावावर टाकली, की ती आठवडाभर तशीच पडून राहते. एकाच्या नावावर टाकली की तो रात्री उठून बघतो. 'गरिबांना मदत करा' ही सगळ्या टीमच्या नावावर टाकलेली अडचण आहे. तेरा वर्षांच्या मुलाला 'गरीब' दिसत नाहीत. त्याला पाच वर्षांचं एक शेंबडं पोर दिसतं, ज्याच्या चपलेचा पट्टा तुटलाय आणि जे आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाजवळ बसायला तयार नाही.

नियम थोडेच. त्या मुलाचं नाव, घर, त्याला काय आवडतं ते माहीत पाहिजे. तो आला नाही तर का आला नाही ते विचारायचं. पाठाचं वचन त्याच्याकडून म्हणून घ्यायचं. बिस्किटं आधी त्याला. आणि याबद्दल बक्षीस नाही, टाळ्या नाहीत, वार्षिक दिनाला प्रमाणपत्र नाही. शिवाय उपासनेनंतर चहाचे कप धुणं आणि खुर्च्या रचणं हे काम मोठ्या मुलांकडे, म्हणजे मुलग्यांकडे. मुलींकडे शास्त्रपाठ वाचणं आणि माइक-स्पीकरची जोडणी.

कपांवरून कुरबूर झाली. एक ज्येष्ठ म्हणाले, पोरांना बायकांची कामं कशाला? पाळकांनी त्यांना काही उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी ते स्वतः बाह्या सरसावून मोरीपाशी उभे राहिले. माझ्या चार वर्षांतल्या सगळ्या धड्यांपेक्षा तो धडा पोरांच्या जास्त लक्षात आहे.

याचा परिणाम काय झाला असं विचाराल तर सरळ उत्तर नाही. एका मुलाने तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलं, बोअर होतं म्हणाला. दोघी मैत्रिणींनी आपापली मुलं परस्पर बदलून घेतली. हॉटस्पॉटवाल्या पोराच्या वाट्याला एक सहा वर्षांचा मुलगा आला होता. वडील रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. हे दोघं असे जुळले, की मोठा त्याला रविवारी सायकलवर घेऊन यायचा आणि सोडून यायचा. दिवाळीनंतर त्या वडिलांचं कंत्राट संपलं आणि कुटुंब गावाकडे, मराठवाड्यात निघून गेलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. मोठा त्या रविवारी त्यांच्या खोलीवर गेला, तर कुलूप.

वर्गात येऊन तो काही बोलला नाही. बिस्किटं वाटताना त्याने स्वतःची घेतली नाहीत. जाताना मला म्हणाला, "सांगून तरी जायचं ना." दोन आठवडे तो आलाच नाही. त्याच्या आईने पुन्हा मला गाठलं, पण या वेळी तक्रार वेगळी होती. जेवत नाही नीट, त्या पोराचा नंबर मिळेल का? घरमालकाकडून नंबर मिळवला. लागला. दोघं काय बोलले ते मी विचारलं नाही. माणूस जवळ केलं की ते सोडूनही जातं, हे मी त्याला आधी सांगितलं असतं तरी त्याला कळलं नसतं. आता त्याच्याकडे दुसरं मूल आहे. ते त्याने मागून घेतलं की मी दिलं, यावर आमचं एकमत नाही.

भांडी घासायचा प्रश्न विचारणारी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. यंदा जूनमध्ये नावं लावताना तिने लहान मूल घ्यायला नकार दिला. घरी एक आहे, म्हणाली, इथे नको. वर्गात शांतता पसरली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिच्या नावापुढे रेघ मारली आणि काय करायला आवडेल ते विचारलं. तिला कीबोर्ड शिकायचाय. उपासना सुटल्यावर दीड तास हॉल रिकामा असतो. त्याची किल्ली तिच्याकडे दिली आहे आणि तेवढा वेळ घरच्या धाकट्याला तिचा भाऊ सांभाळतो.